तीन पट आणि वर थोडंसं

फाल्गुन लागला की आमच्या गल्लीत दोन आवाज एकदमच सुरू होतात. माळ्यावरचे कूलर खाली ओढल्याचा खडखडाट आणि परीक्षेच्या पाठांतराची भुणभुण. ओट्या-ओट्यावर पोट्टे पुस्तक मांडीवर घेऊन डोलत असतात. मी चौथीत शाळा सोडली. कोणी काढलं नाही, मीच सोडली, हे आधीच सांगून ठेवतो. तरी त्यांचं पुष्कळ मला पाठ आहे. रोज कानावर पडणाऱ्या आरतीसारखं ते झालं आहे. अर्थ लागो न लागो, म्हणणारा कुठे चुकला ते लगेच कळतं.

परवा धाकटी नात मिनू शाळेतून आली आणि दप्तर टाकता टाकता म्हणाली, "दादाजी, स्कूल में पाई का दिन है. कोई गोल चीज़ ले जानी है." ही पोरगी मराठी सगळं समजते, उत्तर मात्र हिंदीत देते. मी म्हणालो, "धानाची कोठी घेऊन जाय." "दादाजी, उसमें तो मैं ही समा जाऊंगी!" शेवटी आजीची एक बांगडी घेऊन गेली. आता आकड्यांचेही वाढदिवस होऊ लागले. होऊ देत. या आकड्याशी माझी जुनी ओळख आहे.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गोल कुठलाही घ्या, बांगडीचा घ्या की विहिरीचा. त्याची रुंदी एका दोरीनं मोजा आणि तीच दोरी त्याच्या कडेकडेनं फिरवा. तीन वेळा पुरते आणि वर कडेचं थोडंसं उरतं. लहान गोल असो की मोठा, हे प्रमाण हलत नाही. त्यालाच पाई म्हणतात. आणि ते 'थोडंसं' नेमकं किती, यावर माणसं हजारो वर्षं डोकं फोडून राहिली आहेत. माझ्या घरात तो प्रश्न शिरला, ते वर्ष नवीन राज्याचं होतं.

रायपूर राजधानी झालं तो हंगाम मला वासासकट आठवतो. जिकडे तिकडे ओल्या रंगाचा वास. पाट्या रंगवणाऱ्यांना जेवायला फुरसत नव्हती, सगळ्या कचेऱ्यांवरून जुन्या राज्याचं नाव पुसून नवीन लिहायचं होतं. सदर बाजारात सोनारांच्या दुकानांपुढे स्कूटरींची ही दाटी, आणि त्यातून लाल दिव्याची गाडी भोंगा वाजवत घुसायची. लोक शिव्याही द्यायचे आणि मान वळवून बघायचेही. आपल्या गावात आता मंत्री राहतात, याचा जरा अभिमान होता. जो तो म्हणायचा, आता इथे बघा काय काय होते.

माझ्या दुकानात काही होण्यासारखं नव्हतं. मी टिनाचं काम करणारा. वडील भंडाऱ्याकडून रेल्वेत खलाशी म्हणून आले, त्यांची इच्छा होती मी रेल्वेत लागावं. मी उस्तादाच्या दुकानात जाऊन बसलो. बादल्या, चाळण्या, कूलरच्या टाक्या, आणि मुख्य म्हणजे कोठ्या. धान साठवायची पत्र्याची गोल कोठी, माणसाच्या छातीएवढी उंच. भनपुरीच्या गोदामातून पत्रा सायकल-रिक्षावर यायचा आणि ब्राह्मणपाऱ्यातल्या माझ्या दुकानात, म्हणजे घराच्याच पुढच्या खोलीत, त्याचा गोल व्हायचा. खेड्यातले सियान, म्हणजे म्हातारे लोक, कोठीवर बोटांनी टिचकी मारून बघत आणि विचारत, "मूसा तो नइ घुसही?" मी म्हणायचो, माझ्या कोठीत उंदीर काय, वाराही विचारून शिरतो.

कोठी करायची रीत उस्तादानं शिकवलेली. जेवढी रुंदी, त्याच्या तीन पट पत्रा घ्यायचा, वर फुटामागे पावणेदोन इंच. आणि त्याच्याही वर जोडाचा एक इंच. पत्र्याच्या दोन्ही कडा दुमडून, एकमेकींत अडकवून, हातोडीनं ठोकून दाबतात, त्याला आम्ही जोड म्हणतो. जोडाचा इंच ज्यानं धरला नाही, त्याला उस्ताद दुकानाबाहेर उभा करायचा. मी कधी उभा राहिलो नाही.

माझी सून नंदा गोंदियाकडची. मुलगा माझा ट्रकवर, आज नागपूर तर उद्या विशाखापट्टणम. ती लग्नाआधी दहावीत गणितात राहिलेली. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, नवीन अंगणवाडी उघडणार अशी बातमी आली आणि तिथे पाऱ्यातलीच दहावी पास बाई पाहिजे असं कळलं. नंदानं बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म भरला. घरात कोणाला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. भाकर थापता थापता सासूला म्हणाली, "आई, इथी मले कोणी नावानं ओळखत नाही. कोठीवाल्याची सून म्हणतात. एका तरी जागी माझं नाव लिहिलं पाहिजे." बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी ऐकलंच नाही असं दाखवलं, कारण कोठीवाल्याची सून म्हणवून घेण्यात वाईट काय ते मला कळलं नव्हतं.

मधल्या खोलीत तिचं लहान पोरगं झोपलेलं असायचं, म्हणून दुपारी ती दुकानात येऊन पालथ्या बादलीवर बसायची. मी पत्रा ठोकायचो, ती वाचायची. माझ्या हातोडीचा तिला त्रास झाला नाही, उलट हातोडी थांबली की वर बघायची. धानाच्या कोठ्यांचा हंगाम सरला, तिवऱ्याच्या डाळीच्या आणि हरभऱ्याच्या लहान कोठ्या सुरू झाल्या, खिडकीतून आंब्याच्या मोहराचा वास यायला लागला, तरी ती बादलीवरच. एक दिवस विचारते,

"मामाजी, तीन पट धरता तुम्ही. अन् वर?"

"वर फुटामागे पावणेदोन इंच."

"पावणेदोनच काहून?"

"उस्तादानं सांगितलं म्हणून."

"अन् उस्तादाले कोणं सांगितलं?"

"तुले दहावी पास व्हायचं आहे का पोलिसात भरती व्हायचं आहे?"

ती हसली. मग पेन्सिलीनं काहीतरी मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. म्हणाली, पुस्तकात बावीस सप्तमांश दिलं आहे, आणि तुमच्या पावणेदोनमध्ये अन् त्याच्यात केसाएवढा फरक पडून राहिला. तो सगळा आठवडा मी गल्लीतून जरा छाती काढून चाललो. शाळेत न जाता मी पुस्तकाच्या केसाएवढ्या अंतरावर पोचलो होतो.

मग ती सगळंच मोजायला लागली. हातात सुतळी. ताट, परात, तवा, तुळशीचं कुंडं. जात्याभोवती सुतळी फिरवताना सासू म्हणाली, "घरात एक येडं होतं, आता दोन झाले. माझी परात दे बाई इकडे, कणीक भिजवायची आहे." मी परातीचा घेर मोजल्याशिवाय ती द्यायला तयार नव्हतो. तीन पट आणि वर थोडंसं. प्रत्येक वेळी. मी जन्मभर कोठ्या केल्या, पण ताट आणि कोठी एकाच हुकमाखाली आहेत, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. जेवताना ताटाकडे बघत बसायचो. भात निवून जायचा.

आमच्या गल्लीच्या टोकाला काळे मास्तर राहायचे. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर आलेले, त्यामुळे ते आम्हाला, रेल्वेबरोबर आलेल्यांना, अजून पाहुणेच समजत. गणिताचे मास्तर, निवृत्त. संध्याकाळी येऊन नंदाला शिकवायचे, बदल्यात एक चहा आणि माझ्याशी वाद. त्यांना मी बावीस सप्तमांशाची गोष्ट ऐटीत सांगितली. ते म्हणाले, "अहो, तेही खरं नाही. जवळचं आहे."

"मंग खरं कोणतं?"

"खरं कोणालाच लिहिता येत नाही. तो आकडा संपतच नाही."

मी हातोडी खाली ठेवली. "मास्तर, पोरीची परीक्षा आहे अन् तुम्ही तिले जे कोणालेच माहीत नाही ते शिकवून राहिले?"

मास्तरांना राग येत नसे, हा त्यांचा मोठा दोष होता. चहात टोस्ट बुडवून ते सांगत बसले. फार जुन्या काळी कुठे कुठे नुसते तीनच धरत. मग ग्रीसकडच्या एकानं युक्ती केली. गोलाच्या आत सरळ बाजूंची आकृती काढली, बाहेरून तशीच दुसरी, आणि बाजू दुप्पट दुप्पट करत शहाण्णवपर्यंत नेल्या. गोल त्या दोघींच्या मध्ये चेपून धरला. मी म्हणालो, यात त्यानं काय केलं? मीही पत्रा एकदम गोल करत नाही. पाइपावर ठेवून थोडा थोडा मोडतो, आधी त्याला पहल, म्हणजे पैलू, पडतात, मग त्या पहलांचे पहल, मग ते दिसेनासे होतात. "पहल दिसेनासे झाले की तुम्ही थांबता," मास्तर म्हणाले, "तो थांबला नाही." यावरच्या उत्तराचा माझा शोध अजून सुरू आहे.

आपल्याकडच्या एका जुन्या ज्योतिष्यानंही घेर सांगितला आहे म्हणे. वीस हजार रुंदीला बासष्ट हजार आठशे बत्तीस. आणि पुढे एक शब्द घातला, आसन्न. म्हणजे जवळचा. नंदानं तो शब्द माझ्यासमोर दोनदा म्हणून बघितला. मला तो माणूस आवडला. एवढा बारीक हिशेब करून वर स्वतःच म्हणायचं की हा जवळचा आहे, पक्का नाही, याला छाती लागते. मी कधी गिऱ्हाइकाला म्हटलं नाही की ही कोठी आसन्न आहे.

पुढे केरळातल्या पंडितांनी बेरीज-वजाबाकीची एक माळ लावली, जेवढी लांब न्याल तेवढं खऱ्याच्या जवळ. परदेशात एकानं आयुष्य घालवून दशांशाची पस्तीस घरं काढली. आणि एक इंग्रज होता, त्यानं हातानं सातशेच्या वर घरं लिहिली. वर्षानुवर्षं तेच काम. तो मेला, आणि पुष्कळ काळानं कोणाला तरी कळलं की पाचशेच्या पुढे कुठेतरी त्याचा एक आकडा चुकला होता, म्हणजे तिथून पुढचं सगळं वाया. ही गोष्ट ऐकून नंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बरं झालं त्याले समजलं नाही," ती म्हणाली. मास्तर म्हणाले, "आता मशिनी लाखो-करोडो घरं काढतात. संपत नाही ते नाहीच. कधीच संपणार नाही, हेही सिद्ध झालं आहे." मी विचारलं, "मंग काढतात कायले?" ते म्हणाले, "तुम्ही रात्री आभाळाकडे कायले बघता?" मी म्हणालो, "मी नाही बघत." हे खोटं होतं.

परीक्षेच्या दिवशी पळस भरात होता आणि ऊन चावायला लागलं होतं. नंदा दुपारी आली ती तोंड धुवायच्या आधी दुकानात शिरली. "मामाजी, कोठीच आली!" पेपरात विचारलं होतं की अमुक रुंदीची, अमुक उंचीची, वर झाकण नसलेली गोल टाकी करायची, तर चादर, म्हणजे पत्रा, किती लागेल. "मी डोळे मिटून लिहिलं. घेर काढला, जोडाचा इंच धरला, अन् बुडालेही काठ दुमडायले जागा धरली."

"शाब्बास!" मी ओरडलो. बायको बाहेर आली. मी म्हणालो, चहा ठेव, मास्तरले बोलाव.

मास्तर आले, ऐकलं, आणि पहिल्यांदा मोठ्यानं हसले. मग हसू अर्ध्यात थांबलं. "जोड धरला?" त्यांनी विचारलं.

"धरला ना. नाहीतर टाकी बंद कशी होईन?"

"पोरी, पेपरातल्या टाकीला जोड नसतो."

मी म्हणालो, "मास्तर, मंग ती पाणी कशी धरते?"

"ती पाणी धरत नाही. ती कागदावर असते."

"जे पाणी धरत नाही त्याले टाकी काहून म्हणतात?"

चहाची कपबशी नंदानं दोन्ही हातांनी धरली होती. तिला कळलं होतं. मला कळायचं नव्हतं.

निकालात सगळे विषय सुटले, गणितात पूरक. म्हणजे काही गुणांनी राहिली, पावसाळ्याआधी तेवढा एक पेपर पुन्हा द्यायचा. अंगणवाडीची जागा अजून भरली नव्हती, पण पाऱ्यातली एक दहावी झालेली पोरगी त्या जागेवर डोळा ठेवून होती. मास्तर रोज येऊ लागले. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. नंदाला मात्र बजावलं, "पुन्हा टाकी आली तर जोड धरायचा. आपल्या घरातून बिनजोडाची टाकी बाहेर जायची नाही." ती "हव" म्हणाली. इथलं हे 'हव' मोठं सोयीचं आहे, हो म्हणजे हो, आणि ऐकलं एवढंच सांगायचं असलं तरी हव.

त्या उन्हाळ्यात कूलरच्या टाक्यांचं काम फार होतं. नवीन आलेल्या साहेबलोकांना गरम होत होतं. दुपारी गल्ली सुनसान, पत्र्याला हात लावला तर चटका. मी काम करायचो आणि मास्तरांची ती कागदावरची टाकी डोक्यातून जायची नाही. जोड नसलेला गोल. सुरुवात नाही, शेवट नाही, कड कुठे कडेला भेटली ते दाखवता येत नाही. असा गोल मी जन्मात केला नाही. करता येणारही नाही, कारण माझा पत्रा कुठेतरी सुरू होतो आणि कुठेतरी संपतो.

आणि मग एका दुपारी जोड ठोकता ठोकता हात थांबला. ते थोडंसं, जे संपत नाही म्हणतात, ज्याच्यापायी त्या इंग्रजाचं आयुष्य गेलं, ते माझ्या कोठीत कुठे जातं? माझा हिशेब तर पावणेदोन इंचावर संपतो. उरलेलं कुठेतरी जात असलंच पाहिजे. ते या जोडात जातं. कडा दुमडल्या की त्या इंचाच्या घडीत केसाएवढं कमी-जास्त, त्याच्या पुढचं, त्याच्याही पुढचं, सगळं दाबून बंद. मी आजवर ज्याला मजबुती समजत होतो, त्यात न संपणारी एक गोष्ट ठोकून बसवलेली होती. म्हणजे मास्तरांची टाकी आणि माझी टाकी वेगळी. त्यांच्याकडे दुमडायला जागाच नाही, म्हणून त्यांचा आकडा पळत राहतो. हे मी कोणाला सांगितलं नाही. मास्तरांना तर मुळीच नाही, ते टोस्ट बुडवून म्हणाले असते, "आलात का जवळ?"

नंदा पुढे पास झाली, अंगणवाडीत लागली, आता तर पाऱ्यातले अर्धे तरणे पोट्टे तिच्या हाताखालून गेलेले आहेत आणि मला रस्त्यात "नंदा दीदी के ससुर" म्हणून नमस्कार करतात. पण तो निकाल कधी लागला, कोणी आणून सांगितला, काही आठवत नाही. मला आठवते ती त्या दुसऱ्या पेपराची सकाळ.

मी दुकान नुकतंच उघडलं होतं. ती बाहेरच्या ओट्यावर उभी होती, पेनं रुमालात गुंडाळलेली, पोरगं सासूच्या कडेवर. दही-साखर खाऊन झाली होती. मास्तर स्कूटरवर बसून थांबले होते आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होते. ती पाया पडली आणि तिथेच बसून राहिली. मान खाली घालूनच म्हणाली, "मामाजी, टाकी आली तर यावेळी जोड नाही धरला तर चालन काय?"

तिला उत्तर माहीत होतं. आठवडे झाले, माहीत होतं. माझ्या पाठीमागे ती मास्तरांकडून बिनजोडाचीच उदाहरणं सोडवत होती, ते मी ऐकलं होतं. ती न विचारता जाऊन लिहू शकली असती, मला कोण पेपर दाखवणार होतं? पण ती कोठीवाल्याची सून होती, आणि ते काही तिनं टाकून दिलेलं नव्हतं.

बायको माझ्याकडे बघत होती. मास्तरांनी स्कूटर सुरू केली होती ती बंद केली.

"नको धरू," मी म्हणालो. "तिथी त्याची गरज नाही."

ती उठली. मी मास्तरांना म्हणालो, "सावकाश न्या. सदर बाजारातून नेऊ नका, तिथी गर्दी असते." किती आठवड्यांनी मी त्यांच्याशी बोललो होतो. ते म्हणाले, "हव," आणि निघाले.